दगड उलटून पाहा: सह्याद्रीतल्या ओढ्याची तब्येत कशी तपासायची

ओढ्याचं बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत दिलं की रिपोर्ट येतो. पण तो रिपोर्ट त्या बाटलीतल्या पाण्याचा असतो, ओढ्याचा नाही. तुम्ही सकाळी अकराला पाणी भरलं आणि वरच्या बाजूचं सांडपाणी रात्री सुटत असेल, तर कागदावर सगळं आलबेल दिसणार. दगडाखाली चिकटलेले किडे मात्र त्या रात्रीही तिथेच होते. मेफ्लाय नावाच्या पाणकिड्याची पिल्लं कित्येक आठवडे, काही चतुरांची पिल्लं तर कित्येक महिने पाण्यातच वाढतात. मधल्या काळात काय काय वाहून गेलं ते त्यांच्या असण्या-नसण्यावरून कळतं. म्हणून इथे आधी प्राणी आणि मग पाणी, असा क्रम ठेवला आहे.

ही पद्धत काळ्या कातळावरून आणि गोट्यांवरून वाहणाऱ्या, गुडघाभर पाण्यातून चालत ओलांडता येतील अशा ओढ्यांसाठी आहे. देशावर त्यांना ओढा म्हणतात, कोकणात वहाळ किंवा पऱ्या. मोठी नदी, तलाव किंवा भरतीचं पाणी शिरतं अशी जागा यांना ती लावू नका, आकडे फसवे येतील.

जागा आणि वेळ

एकाच जागेवरून ओढा चांगला की वाईट हे सांगता येत नाही. निदान दोन जागा हव्यात: ज्या गोष्टीची शंका आहे (वस्ती, गोठे, कारखाना, कपडे धुण्याचा घाट) तिच्या वर एक आणि खाली एक. तिसरी आणखी खाली मिळाली तर ओढा स्वतःहून किती सावरतो तेही कळतं. प्रत्येक जागी १०० मीटरचा पट्टा धरा. त्यात निदान एक खळाळ आणि एक डोह असावा.

इथे एक चूक फार होते. वरची जागा खळाळाची आणि खालची संथ, गाळाची, असं निवडलं की फरक प्रदूषणाचा की तळाचा, हे सांगता येत नाही. दोन्ही जागी तळ, उतार आणि सावली शक्य तितकी सारखी हवी. पुण्याची रामनदी घ्या. भुकूमजवळ खाटपेवाडीच्या बाजूला ती उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर करत मुळेला मिळते. वाटेत तलाव आहेत. तलावाच्या लगेच खाली पाणी कोमट असतं, त्यात तरंगतं शेवाळ जास्त असतं, आणि ते गाळून खाणारे किडे आपोआप वाढतात. हा तलावाचा परिणाम आहे, सांडपाण्याचा नाही. म्हणून बांध, तलाव, कोल्हापुरी बंधारा किंवा हिवाळ्यात पोत्यांचा घातलेला वनराई बंधारा यांच्यापासून निदान २०० मीटर लांब जागा निवडा.

वरची जागा स्वच्छ मिळत नसेल, तर शेजारच्याच खोऱ्यातला तेवढाच मोठा, त्याच उंचीवरचा ओढा तुलनेला घ्या. देवराईतून येणारा ओढा असेल तर उत्तम.

वेळ म्हणाल तर नोव्हेंबरचा शेवट ते जानेवारी. पावसाळ्यात पुराने तळ खरवडला जातो आणि किडे वाहून जातात, त्यामुळे स्वच्छ ओढाही रिकामा दिसतो. मोठा पूर गेल्यावर किमान ३ आठवडे थांबा. बारमाही ओढा असेल तर मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा एकदा जा. तेव्हा पाणी कमी, सांडपाणी मात्र तेवढंच, त्यामुळे वर्षातली सगळ्यात वाईट अवस्था तेव्हाच दिसते. ऊस पट्ट्यात गाळप हंगाम चालू असतानाची एक फेरी चुकवू नका.

देशावरचे बरेच ओढे जानेवारीनंतर आटतात. आटणं हा आजार नाही. पण आटणाऱ्या ओढ्याची तुलना बारमाही ओढ्याशी करू नका. त्यातली मंडळी मुळातच थोडी आणि भराभर वाढणारी असतात.

सोबत काय घ्यायचं

डी-आकाराच्या किंवा चौकोनी लोखंडी चौकटीची हातजाळी, तोंड साधारण ३० सेंटिमीटर, कापडाची भोकं अर्ध्या मिलिमीटरची. जाळीवर कंजुषी करू नका. मच्छरदाणीच्या कापडाची भोकं मिलिमीटरहून मोठी असतात. त्यातून लहान मेफ्लाय निसटतात, चतुर आणि खेकडे तेवढे अडकतात, आणि ओढा आहे त्याहून वेगळाच दिसतो.

बाकी सामान घरातलं: दोन पांढरे पसरट ट्रे, बर्फाचे दोन पांढरे ट्रे, ड्रॉपर, मऊ ब्रश, प्लास्टिकचा चमचा, दहापट भिंग, बादली, मोजपट्टी, दोरी, थर्मामीटर, पेन्सिल आणि जाड कागदाची वही. पेनाची शाई पाण्यात फुटते.

गमबूट घाला. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, कोकणात आणि मुंबईच्या बाजूला लेप्टोचा धोका खरा आहे. काठावर शेतीपंपाच्या वायरी पडलेल्या असतील तर त्या पट्ट्यात शिरूच नका. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वनखात्याची लेखी परवानगी लागते. गावातल्या ओढ्यासाठी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला आधी सांगितलेलं बरं. तुमच्या नोंदी गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीतही जाऊ शकतात.

पाण्यात उतरण्याआधी

काठावर दहा मिनिटं नुसतं उभं राहा. वास घ्या: ओल्या मातीचा, साबणाचा, सडक्या अंड्याचा, की मळीचा गोडसर-आंबूस?

फेस दिसला म्हणून लगेच घाबरू नका. धबधब्याखाली कुजलेल्या पानांमुळेही फेस होतो. तो तपकिरी असतो, मातकट वास येतो आणि बोटांत चोळला की विरतो. साबणाचा फेस पांढराशुभ्र, ढिगाऱ्यासारखा, पुढे बराच लांबवर टिकून राहणारा. तसंच तवंगाचं. कोकणात जांभ्यातून पाझरणाऱ्या पाण्यावर इंद्रधनुषी पापुद्रा आणि खाली नारिंगी गाळ दिसतो. तो लोहजिवाणूंचा असतो. काडीने ढवळा. पापुद्रा काचेसारखे तुकडे होऊन फुटला तर जिवाणू, आणि तुटून पुन्हा एकत्र वाहू लागला तर तेल.

दगडांवरच्या थराला हात लावा. पातळ, तपकिरी, निसरडा थर डायटमचा, म्हणजे सूक्ष्म शेवाळाचा असतो, तो चांगला. लांब हिरव्या धाग्यांच्या जटा म्हणजे पाण्यात नत्र-स्फुरद जास्त आणि वर सावली नाही. करड्या-पांढऱ्या, कापसासारख्या झुबक्यांना सुएज फंगस म्हणतात. नावात फंगस असलं तरी ते बहुतेक जिवाणूंचं जाळं असतं. ते दिसलं तर ताजं सांडपाणी जवळच कुठेतरी मिळतंय. काठाकाठाने वर चालत जा, पाइप सापडेल.

मग तळ. खळाळातले मुठीएवढे दहा दगड उचला. दगड सहज सुटला आणि खाली पोकळी दिसली तर उत्तम. गाळातून उपटावा लागला, तर दगडाचा किती भाग गाळात रुतला होता ते टक्क्यांत लिहा. रंग बदललेला असतो, त्यामुळे रेषा स्पष्ट दिसते. दहा दगडांची सरासरी २५ टक्क्यांच्या आत असेल तर किड्यांना घर आहे. ७५ च्या वर गेली तर पाणी कितीही स्वच्छ असो, दगडाखाली राहणारी मंडळी मिळणार नाहीत. वरच्या बाजूला रस्त्याचं काम, डोंगर फोडणं किंवा वाळूउपसा चालू असला की हेच होतं.

खोलीकरण झालेल्या ओढ्यात तळाची बाब आणखी वाईट असते. पोकलेनने गोटे आणि वाळू काढून नेली, काठ सरळ तासले, करंज-उंबर गेले, आता पाणी आहे पण खळाळ नाही, सावली नाही. अशा ठिकाणी कमी गुण आले तर दोष पाण्याच्या दर्जावर ढकलू नका. वहीत ‘खोलीकरण’ असं स्पष्ट लिहा आणि शक्य असल्यास वर्षही.

दोन्ही काठांवर प्रत्येकी १० मीटर रुंदीत काय आहे तेही लिहा. जांभूळ, करंज, उंबर, वाळुंज, अर्जुन, लव्हाळे असतील तर नावं लिहा. घाणेरी, रानमोडी, बेशरम, जलपर्णी किती टक्के, तो अंदाज द्या. दुपारी बारा वाजता पाण्यावर सावली किती टक्के पडते, हा एक आकडा पाण्याच्या तापमानाबद्दल बरंच काही सांगून जातो.

शेवटी प्रवाह. १० मीटर सरळ पट्टा दोरीने मोजा. मधोमध संत्रं सोडा आणि शेवटपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते पाच वेळा मोजून सरासरी काढा. संत्रं बरंचसं बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला फारसा ढकलत नाही. थर्माकोलचा तुकडा वाऱ्याबरोबर पळतो. रुंदी मोजा, आणि रुंदीभर पाच ठिकाणी खोली मोजून तिची सरासरी घ्या. समजा रुंदी ३ मीटर, सरासरी खोली ०.२ मीटर, संत्र्याला २५ सेकंद लागले. वेग ०.४ मीटर प्रति सेकंद. ३ × ०.२ × ०.४ म्हणजे ०.२४ घनमीटर. तळाशी पाणी हळू चालतं म्हणून खडकाळ ओढ्यात ०.८ ने गुणा: ०.१९२, म्हणजे सेकंदाला १९२ लिटर. हा आकडा नसेल तर पुढच्या वर्षी ‘पाणी खराब झालं’ की ‘पाणीच कमी झालं’, हे वेगळं करता येत नाही.

जाळी कशी लावायची

खालच्या जागेपासून सुरुवात करून वर जा, आणि प्रत्येक पट्ट्यातही खालून वर. उलट केलंत तर तुम्हीच उडवलेला गाळ आणि किडे पुढच्या जाळीत येतात.

जाळीचं तोंड प्रवाहाकडे करून चौकट तळाला टेकवा. जाळीच्या पुढे, म्हणजे वरच्या बाजूला, एक हात अंतरावर उभं राहून बुटाच्या टाचेने तळ ढवळा, गोटे घुसळा. सुटलेले किडे प्रवाहाबरोबर जाळीत येतात. घड्याळ लावून एकूण ३ मिनिटं. ती एका जागी घालवू नका. पट्ट्यात खळाळ जास्त असेल तर दीड मिनिट तिथे, बाकी वेळ काठच्या मुळांत, अडकलेल्या पालापाचोळ्यात आणि डोहाच्या कडेला. डोहात प्रवाह नसतो, तिथे जाळी आठच्या आकड्यासारखी फिरवा. त्यानंतर १ मिनिट हाताने: मोठे दगड उलटा, चिकटलेले किडे ब्रशने बादलीत झटका. दगड होता तसाच परत ठेवा.

सगळ्या जागी वेळ तीच आणि शक्यतो ढवळणारा माणूसही तोच हवा. एकाने जोरात ढवळलं, दुसऱ्याने बूट भिजू नयेत म्हणून जपून, की तुलना तिथेच संपली.

जाळी बादलीत उलटी करून धुवा, मोठी पानं एकेक धुऊन काढून टाका, उरलेलं ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर पाण्यात पसरवा. ट्रे सावलीत ठेवा. उन्हात पाणी तापतं आणि सगळ्यात नाजूक मेफ्लाय आधी मरतात. पाच मिनिटं काहीही करू नका. गाळ बसतो आणि किडे हलायला लागतात.

ट्रेमधली मंडळी

जातीपर्यंत जायची गरज नाही, कुळापर्यंत पोचलात तरी पुरे.

चपटं अंग, रुंद डोकं, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे हलणारे कल्ले, मागे दोन किंवा तीन लांब धागे, आणि ब्रशने उचलायला गेलं की खेकड्यासारखं तिरकं सरकणं: हेप्टाजेनिडी कुळातला मेफ्लाय. हा स्वच्छ, थंड, खळाळत्या पाण्याचा रहिवासी. गोल, बारीक अंगाचा, माशासारखा झटके देत पोहणारा मेफ्लाय बेटिडी कुळातला. तो बराच सोशीक असतो. दोन्हींना ‘मेफ्लाय’ म्हणून एकाच रकान्यात टाकलंत की निम्मी माहिती गेली.

स्टोनफ्लायला शेपटीचे धागे दोनच, पायाच्या टोकाला नख्या दोन (मेफ्लायला एकच) आणि कल्ल्यांचे झुबके पोटावर नसून पायांच्या बुडाशी. आपल्या सह्याद्रीत स्टोनफ्लायची विविधता मुळातच कमी आहे, बहुतेक पर्लिडी कुळातलेच मिळतात. त्यामुळे तो मिळाला तर आनंद माना, पण मिळाला नाही म्हणून ओढा आजारी ठरवू नका. युरोपातल्या पुस्तकांवरून काम करणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते.

कॅडिसफ्लायच्या काही अळ्या वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे जोडून घर बांधतात. ट्रेमध्ये एखादी काडी चालायला लागली तर तो कॅडिस. बिनघराच्या हायड्रोसायकिडी अळीच्या पोटाखाली कल्ल्यांचे झुबके आणि शेवटी दोन आकडे असतात, उचलली की ती इंग्रजी सी अक्षरासारखी वळते. ही दगडांमध्ये जाळं विणून वाहतं अन्न पकडते, म्हणून थोडं सेंद्रिय प्रदूषण तिला मानवतं.

दगडाला चिकटलेली नाण्यासारखी चपटी, तपकिरी टिकली नखाने काढून उलटी करा. खाली पाय दिसले तर ती सेफेनिडी भुंग्याची अळी, चांगलं लक्षण. टाचणी म्हणजे चतुराची सडपातळ बहीण. तिच्या पिल्लाला मागे तीन पानं असतात. चतुराचं पिल्लू आखूड, जाडजूड, त्याला पानं नसतात.

उलट बाजूची मंडळी ओळखायला सोपी. लाल, बारीक, आठचा आकडा करत वळवळणारी अळी कायरोनोमिडी माशीची. रक्तासारखं हिमोग्लोबिन असल्याने ती कमी ऑक्सिजनातही तग धरते. मत्स्यालयवाले विकतात ते ट्युबिफेक्स, म्हणजे गाळात डोकं खुपसून शेपूट हलवणारे धाग्यासारखे लाल कृमी. दुर्बिणीसारखी लांब होणारी श्वासनळी असलेली शेपटीवाली अळी दिसली, तर पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाहीच असं समजा. ती हवा वरून घेते. गोगलगाईचं टोक वर आणि तोंड तुमच्याकडे धरा. तोंड डावीकडे उघडत असेल आणि आत झाकण नसेल, तर बहुधा फायसा, बाहेरून आलेली आणि घाण पाण्यात फोफावणारी.

पाण्यावर सरसर पळणाऱ्या निवळ्यांवरून निष्कर्ष काढू नका. त्या हवेतून श्वास घेतात, गटारावरही दिसतात.

माशांचंही तसंच. दगडाला खालच्या ओठाने चिकटणारा मळ्या खळाळात दिसला तर चांगलं. त्याचं हे देशी नावच कर्नल साइक्सने १८३९ मध्ये त्याच्या शास्त्रीय नावात घेतलं, गॅरा मुल्या. पण काठाला माशांचे थवे दिसले म्हणून खूश होऊ नका. डासांसाठी सोडलेले गप्पी पृष्ठभागालगतचं पातळ थराचं पाणी ओढून जगतात, त्यांना खालचा ऑक्सिजन लागत नाही. तिलापिया आणि मांगूर मिळाले तरी ‘मासे आहेत’ एवढंच लिहू नका, जात लिहा. ओढ्यात पूर्वी काय मिळायचं आणि कधीपासून मिळेनासं झालं, हे तिथल्या मासे धरणाऱ्यांना आणि गुराख्यांना विचारा. त्यांच्याइतका जुना तपशील दुसरीकडे मिळणार नाही.

गुण मांडणं

ब्रिटनमध्ये तयार झालेली बीएमडब्ल्यूपी नावाची गुणपद्धत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने भारतीय नद्यांसाठी वापरात आणली. प्रत्येक कुळाला सोशीकपणानुसार १ ते १० गुण. प्राणी किती सापडले ते इथे मोजत नाहीत, कुळ सापडलं की गुण एकदाच. नेहमी भेटणाऱ्या कुळांचे गुण असे:

१० – हेप्टाजेनिडी आणि लेप्टोफ्लेबिडी मेफ्लाय, पर्लिडी स्टोनफ्लाय
८ – फिलोपोटॅमिडी कॅडिस, गॉम्फिडी आणि लिबेल्युलिडी चतुर
७ – केनिडी मेफ्लाय
६ – कोएनाग्रिओनिडी टाचण्या, युनिओनिडी शिंपले
५ – हायड्रोसायकिडी कॅडिस, सिम्युलिडी माशीच्या अळ्या, एल्मिडी भुंगे
४ – बेटिडी मेफ्लाय
३ – जळवा, फायसिडी, लिम्निडी आणि प्लॅनॉर्बिडी गोगलगाई
२ – कायरोनोमिडी
१ – ट्युबिफेक्ससारखे कृमी

एकूण गुणांना कुळांच्या संख्येने भागलं की सरासरी गुण मिळतात. समजा वरच्या जागी हेप्टाजेनिडी, लेप्टोफ्लेबिडी, पर्लिडी, फिलोपोटॅमिडी, गॉम्फिडी, केनिडी, हायड्रोसायकिडी, बेटिडी, कायरोनोमिडी मिळाले. बेरीज ६४, कुळं ९, सरासरी ७.१. खाली कोएनाग्रिओनिडी, हायड्रोसायकिडी, बेटिडी, जळवा, लिम्निडी, फायसिडी, कायरोनोमिडी, कृमी. बेरीज २७, कुळं ८, सरासरी ३.४. कुळांची संख्या जवळजवळ सारखीच, पण कोण राहतंय ते बदललं.

दुसरा आकडा विविधतेचा, आणि तो काढायला कुळांची नावंही यावी लागत नाहीत. ट्रेच्या तळाला मार्करने चौकोन आखा, चिठ्ठी टाकून चौकोन निवडा, त्यातले सगळे प्राणी बादलीत एकत्र करा, असे निदान १०० होईपर्यंत. नजरेने निवडलंत तर मोठे आणि हलणारेच उचलले जातात. मग चमच्याने एकेक काढून बर्फाच्या ट्रेच्या खणांत ओळीने ठेवा. आधीच्यासारखाच दिसला तर तीच साखळी, वेगळा दिसला तर नवी. मेफ्लाय, मेफ्लाय, कॅडिस, मेफ्लाय: प्राणी ४, साखळ्या ३, विविधता ०.७५. वरच्या जागी शंभर प्राण्यांत ६२ साखळ्या आल्या तर ०.६२. खालच्या जागी लाल अळ्यांचाच सुकाळ असेल आणि १४ च आल्या, तर ०.१४.

मंडळाच्या वर्गवारीत दोन्ही आकडे एकत्र वाचतात. सरासरी ७ किंवा जास्त आणि विविधता ०.२ ते १: अ वर्ग, स्वच्छ, नकाशावर निळा. ६ ते ७ आणि ०.५ ते १: ब, किंचित प्रदूषित, फिकट निळा. ३ ते ६ आणि ०.३ ते ०.९: क, मध्यम, हिरवा. २ ते ५ आणि ०.४ किंवा कमी: ड, जास्त प्रदूषित, नारिंगी. ० ते २ आणि ० ते ०.२: इ, तीव्र, लाल. वरच्या उदाहरणात खालची जागा ३.४ गुणांवर क मध्ये बसली असती. विविधता ०.१४ आल्याने ती ड मध्ये जाते. एकच आकडा काढून थांबणाऱ्यांना हे दिसत नाही.

या यादीवर आंधळा विश्वास मात्र ठेवू नका. ती थंड देशातून आली आहे. लिबेल्युलिडीला तिच्यात ८ गुण आहेत, पण आपल्याकडे त्याच कुळातला ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा नावाप्रमाणेच गटारी पाण्यात वाढतो. तो एकटा सरासरी वर ओढतो. म्हणून हे कुळ धरून आणि वगळून अशा दोन सरासऱ्या काढा. एकूण पाचपेक्षा कमी कुळं सापडली असतील तर सरासरी वाचूच नका, ‘पाचच्या आत’ एवढंच लिहा.

मोजून झालं की प्राणी जिथून आणले तिथेच सोडा. ओळख पटत नसेल तर पांढऱ्या ट्रेमध्ये वरून, खालून आणि बाजूने असे तीन फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून.

पाण्याचे आकडे

विरघळलेला ऑक्सिजन मोजायला पहाटे जा, सूर्य उगवण्याच्या अर्धा तास आधी. रात्रभर शेवाळ, जिवाणू, प्राणी सगळेच ऑक्सिजन वापरतात, तयार कोणी करत नाही. सांडपाणी मिळणाऱ्या, हिरव्या जटा वाढलेल्या ओढ्यात दुपारी तीनला लिटरमागे १२ मिलिग्रॅम दिसू शकतात आणि त्याच जागी पहाटे २. दुपारचा आकडा पाहून ‘उत्तम’ असा शेरा मारणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे. जमल्यास दोन्ही वेळा मोजा. दोहोंतला फरक मोठा असेल तर शेवाळाचा अतिरेक आहे.

समुद्रसपाटीला २० अंशांना पाण्यात जास्तीत जास्त ९.१, २५ ला ८.३ आणि ३० ला ७.६ मिलिग्रॅम मावतो. महाबळेश्वरच्या उंचीवर हेच आकडे साधारण १५ टक्क्यांनी उतरतात. म्हणून तापमान लिहिल्याशिवाय ऑक्सिजनचा आकडा लिहू नका. मंडळाच्या पाणीवापराच्या निकषांत (हे वर्ग वरच्या प्रदूषणाच्या वर्गांहून वेगळे) अ वर्गाच्या पाण्याला किमान ६, ब ला ५, क आणि ड ला ४ मिलिग्रॅम लागतो.

मीटर नसेल तर विंकलर पद्धत आजही तितकीच भरवशाची. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरा, बुडबुडा राहता कामा नये. पिपेटचं टोक पाण्यात बुडवून १ मिलिलिटर मँगनीज सल्फेट, मग १ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड. बूच लावून हलवा. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला तर नाही. तो खाली बसल्यावर १ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून विरघळवा. त्यातलं २०१ मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने फिकट पिवळं होईपर्यंत टायट्रेट करा, मग स्टार्च घाला आणि निळा रंग जाईपर्यंत थेंबाथेंबाने पुढे जा. जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागलं, तितके लिटरमागे मिलिग्रॅम. स्टार्च आधीच घातला तर शेवट ओळखू येत नाही. आम्ल हाताळताना चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि उरलेलं द्रावण ओढ्यात ओतायचं नाही.

विद्युतवाहकतेचा (म्हणजे पाण्यात क्षार किती विरघळलेत याचा) छोटा पेन-मीटर सांडपाण्याचा शिरकाव शोधायला फार उपयोगी पडतो. इथे आकड्यापेक्षा उडी महत्त्वाची. काठाने चालत दर ५० मीटरला मोजा. २०० वर चाललेला आकडा अचानक ३५० झाला, तर त्या ५० मीटरमध्ये काहीतरी येऊन मिळतंय. ते सांडपाणीच असेल असं नाही, विहिरीचा किंवा जमिनीतला पाझरही असू शकतो. वास आणि तापमान पाहून ठरवा.

पीएच सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा. दुपारी ९ च्या वर गेला तर तेही बहुतेक शेवाळाचंच काम. गावोगावच्या पाणी तपासणी संचातली काळी पडणारी एचटूएस बाटली ओढ्यावर वाया घालवू नका. गुरं येतात त्या कुठल्याही ओढ्याचं पाणी तिच्यात काळंच पडणार. ती पिण्याच्या पाण्यासाठी आहे.

मासे मेलेले दिसले तर

वरची सगळी क्रमवारी सोडा. आधी ऑक्सिजन आणि तापमान मोजा, कारण तासाभरात चित्र बदलतं. घड्याळ आणि जागा दिसेल असे फोटो काढा. मेलेल्या माशांबरोबर खेकडे आणि किडेही मेलेत का ते पाहा. फक्त मासे मेले आणि ते तोंड वासून पृष्ठभागाशी आले होते, तर ऑक्सिजन संपल्याची शक्यता जास्त. खेकडे आणि किडेही एकदम मेले आणि ऑक्सिजन मात्र ठीक असेल, तर कीटकनाशकासारख्या विषाचा संशय घ्या. अशा वेळी पाण्यात हात घालू नका आणि मासे कोणी खायला नेणार नाही हे बघा.

मग प्रवाहाच्या वर चालत जा, जिथे मेलेले मासे संपतात तिथपर्यंत. त्या जागेच्या वर एक आणि खाली एक असे दोन नमुने घ्या: बीओडीसाठी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्या मोजणीसाठी) काठोकाठ भरलेली बाटली, विषासाठी स्वच्छ काचेची वेगळी. दोन्ही काळ्या कापडात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवा. बीओडीचा नमुना शक्यतो ६ तासांत आणि जास्तीत जास्त २४ तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि नमुना घेणाऱ्याचं नाव पेन्सिलीने लिहा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्या.